परक्या मैदानातला आपला कोपरा: अवे मॅचला जाणाऱ्यांसाठी धागा

कोपऱ्यातला_झेंडा
२८ ऑगस्ट २०२४, रात्री १०:१५

मंडळी,

आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलचं, नवं वेळापत्रक आलंय आणि सुरुवातच १३ सप्टेंबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आहे, मोहन बागान विरुद्ध आपली मुंबई सिटी. मेमधल्या फायनलची तीच जोडी, तेच मैदान. ग्रुपमधल्या पाच-सहा जणांनी या आठवड्यात विचारलं, की पहिल्यांदाच अवे मॅचला येतोय, काय काय माहीत असायला हवं? प्रत्येकाला फोनवर सांगताना लक्षात आलं, मी दरवेळी एकच गोष्ट सांगतोय, २४ एप्रिलच्या, मडगावच्या फातोर्डा मैदानावरच्या एफसी गोवाविरुद्धच्या मॅचची. म्हणून इथे नीट लिहून काढतो. तुमचेही अनुभव येऊ द्या, मैदान कुठलंही असो.

अंधेरीत आपण घरचे असतो. शहाजीराजे क्रीडा संकुलातलं मैदान जेमतेम सात हजारांचं, गेटवरचा माणूस ओळखीचा, वडापाव कुणाकडे खायचा तेही ठरलेलं. अवे मॅचला यातलं काहीच आपलं नसतं. रांग कुठली ते माहीत नसतं, आणि अंगावरचा निळा रंग बघून समोरचा हसतोय की चिडतोय याचा अंदाज घेत चालावं लागतं. लहानपणी दुसऱ्या वाडीत क्रिकेट खेळायला जाताना पोटात जे व्हायचं, तेच होतं. मला ते फार आवडतं.

आम्ही अठरा जण होतो. मंगळवारी रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या. रोहा गेलं तशी गाणी थांबली, कारण डब्यात चाकरमान्यांची कच्चीबच्ची झोपलेली. उजाडलं तेव्हा सिंधुदुर्गातली तांबडी माती दिसत होती. मडगावला उतरलो तर एप्रिलचा उकाडा असा, की जर्सी पिशवीतच राहिली. लॉजवर आंघोळी, थोडी झोप, आणि संध्याकाळी गाड्यावर रस ऑम्लेट. शेजारी नारंगी जर्सीतले तिघे खात उभे होते. आमच्या पिशवीतून डोकावणारा निळा स्कार्फ बघून त्यातला एक म्हणाला, "खा पोटभर, रात्री भूक लागणार नाही तुम्हाला." मी म्हटलं, बघू.

साडेसातची मॅच. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोल केला, छप्पन्नाव्याला ब्रँडन फर्नांडिसने. ब्रँडन मडगावचाच पोरगा, त्यामुळे तो दुसरा गोल झाला तेव्हा पायाखालचं काँक्रीट हलतंय असं वाटलं. आमचा कोपरा, अठरा आम्ही आणि इकडून तिकडून आलेले आणखी साठ-सत्तर, अगदी आकसून गेला. दोन मॅचच्या सेमीफायनलचा पहिला लेग, आणि आम्ही २-० मागे. ऐंशी मिनिटं झाली तेव्हा एकजण पिशवी उचलायला लागला. आमच्यातले सगळ्यात वयस्कर, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि खाली ठेवली. बोलले काहीच नाहीत. गाणं पुन्हा सुरू केलं.

नव्वदाव्या मिनिटाला आपल्या छांगटेचा गोल. एका मिनिटात विक्रम प्रताप सिंग. २-२. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे.

फातोर्डा इतकं गप्प झालं, की शेजारच्याचा चिरकलेला आवाज मला स्वच्छ, वेगळा ऐकू येत होता. घरच्या मैदानावर आपला आवाज गर्दीत मिसळतो. परक्या मैदानात तो एकटा ऐकू येतो.

पण सांगायचंय ते पुढचं. शिट्टी झाल्यावर पोलिसांनी आम्हाला आत थांबवून ठेवलं. हे नेहमीचं आहे. घरची गर्दी पांगेपर्यंत पाहुण्यांना सोडत नाहीत. आम्ही नाचत होतो, ढोल चालू होता. जाळीपलीकडे एक गृहस्थ सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन बसले होते. मुलगा हमसून हमसून रडत होता, आणि बाप त्याला उठवत नव्हता, रडू देत होता. आमच्या ढोलवाल्याने ते पाहिलं आणि काठ्या खाली ठेवल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग हळूहळू सगळेच बसले. पाऊण तास आम्ही तसेच बसलो होतो, आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच जिंकून, हळू आवाजात गप्पा मारत.

अवे मॅचबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. जीव तोडून ओरडायचं, पण आपण कुणाच्या घरात उभे आहोत ते विसरायचं नाही. बाकी तिकीट, रेल्वे, बॅगेत काय न्यायचं, हे सगळं विचारा, सांगतो.

---

मडगांवचो
२८ ऑगस्ट, रात्री ११:४०

झेंडासाहेब, त्या रात्री मी मैदानात होतो आणि नव्हतोही. ८८व्या मिनिटाला मी उठलो. स्कूटर दूर लावली होती, दुसऱ्या दिवशी ड्युटी, २-० पक्कं. पार्किंगपाशी पोचतो तोवर आतून आवाज आला. मी चावी हातात घेऊन थांबलो.

त्या मैदानावर मी पंचवीसेक वर्षं जातोय. आपला गोल झाला की तो आवाज छातीवर आदळतो, पार्किंगात असलात तरी. हा आवाज लहान होता. लहान आवाज म्हणजे पाहुण्यांचा गोल. ठीक, म्हटलं, २-१. स्कूटर चालू करेपर्यंत पुन्हा तोच लहान आवाज. मग मी स्कूटर बंद केली आणि तिथेच बसून राहिलो. तिसरा पण तिथूनच ऐकला. तुमच्या साठ-सत्तर जणांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकणं काय असतं ते मला विचारा. पाच दिवसांनी अंधेरीत तुम्ही २-० जिंकलात, पण आम्ही हरलो होतो ते फातोर्ड्यालाच.

ढोल थांबवला हे मला आज कळलं. देव बरें करूं.

एक सांगतो, मुंबई-पुण्याचे बरेच जण अवे मॅच म्हणजे गोव्याची ट्रिप समजून येतात. दुपारपासून पिऊन तर्र, मग गेटवर पोलिसांशी हुज्जत. फुटबॉल आमच्याकडे बीचवरचा कार्यक्रम नव्हे. माझे वडील मला पहिल्यांदा साळगावकरची मॅच बघायला घेऊन गेले तेव्हा मी पहिलीत होतो. धेंपो, साळगावकर, चर्चिल, स्पोर्टिंग, सगळे आमचेच, आणि मोठ्या मॅच फातोर्ड्यालाच. अर्धं गाव एका संघाचं, अर्धं दुसऱ्याचं, आणि मामा-भाचे एकाच पायरीवर बसून भांडायचे. जाळी लावून पाहुणे वेगळे बसवायचे हे आम्ही आयएसएल आल्यावर बघितलं. अजून मला त्याची सवय नाही.

---

शंकासूर
२९ ऑगस्ट, सकाळी ८:०५

दोन्ही पोस्ट वाचून अंगावर काटा आला. तरीही एक मनापासूनची शंका. कोलकात्याला जायचं म्हणजे विमान, लॉज, दोन दिवसांची रजा, सगळं मिळून पंधरा-वीस हजारांच्या घरात. टीव्हीवर मॅच जास्त नीट दिसते. आपण तिथे गेल्याने खरंच काही फरक पडतो का? खेळाडूंना साठ हजारांत आपले शंभर जण दिसतात तरी का?

---

पेठेतला
२९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

शंकासूर भावा, दिसतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमला ये, मग कळेल.

आमच्याकडे अवे म्हणजे रेल्वेनं जायचं काही नाही. मैदान एकच, राजर्षी शाहू स्टेडियम. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, पेठापेठांतल्या तालमी-मंडळांचे सगळे संघ तिथंच खेळतात. पण कुठल्या बाजूला बसायचं ते पेठेवर ठरतं. घरापासून मैदान चालत दहा मिनिटं, आणि तरी चुकीच्या गॅलरीत शिरलास तर तू परदेशात.

माझं लग्न झालं ती सासुरवाडी दुसऱ्या पेठेतली. पहिल्याच हंगामात मेव्हण्यानं हट्ट धरला, "दाजी, यंदा आमच्याकडनं मॅच बघायची." नाही कसं म्हणणार? नवा जावई. गेलो. चहू बाजूला त्यांची तालीम, मधी मी. मेव्हण्यानं सगळ्यांना ओळख करून दिली, "आमचे दाजी." संघ कुठला ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. उत्तरार्धात आमच्या पोरानं पंचवीस यार्डांवरनं असा मारला की गोलकीपर हललासुद्धा नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. ओठ आतनं चावला. समोरच्या गॅलरीत माझी सगळी पेठ नाचतीया, गुलाल उडतोय, आणि मी इकडं दगडासारखा. मेव्हण्यानं हळूच पाठीवर हात ठेवला आणि कानात म्हणाला, "दाजी, गोल लई भारी होता." आज चौदा वर्षं झाली, त्या माणसासाठी मी कायबी करीन.

आता गंभीर. आमच्याकडं राडेबी झालेत. दगड आलेत, लाठ्या पडल्यात, मॅच थांबल्यात. त्यात मार खाणारं पोरगं बहुतेक वेळा ते असतं, ज्यानं काहीच केलेलं नसतं. झेंडा म्हणतोय ते घरात कोण आणि पाहुणा कोण, हे कळणं म्हणूनच महत्त्वाचं. जिंकल्यावर समोरच्या गॅलरीकडं तोंड करून हातवारे करणाऱ्याला आमच्या तालमीत म्हातारी माणसं खाली बसवतात. बसवलंच पाहिजे.

---

निळी_ओढणी
२९ ऑगस्ट, दुपारी १:१०

मी १३ तारखेला येतेय. ही माझी दुसरी अवे मॅच. पहिलीबद्दल आधी लिहिते, कारण ते कुणीच लिहीत नाही.

स्टेडियमचं नाव घेत नाही. पाहुण्यांच्या ब्लॉकमध्ये बायकांचं स्वच्छतागृह होतं, पण कुलूप लावलेलं. किल्ली कुणाकडे आहे हे कुणाला माहीत नाही. घरच्या बाजूचं वापरायला सुरक्षारक्षक सोडेना, कारण पाहुण्यांनी ब्लॉक ओलांडायचा नाही. आम्ही चौघी होतो. मॅचआधी दीड तास, मॅचचे दोन तास, वर शिट्टीनंतरची चाळीस मिनिटं. मध्यंतरानंतर मी पाणी पिणं बंद केलं. त्या मॅचमधला आमचा गोल मला धड आठवत नाही, ते कुलूप आठवतं.

शेवटी एक महिला पोलीस आल्या. त्यांनी आमची अवस्था पाहिली आणि स्वतः सोबत चालत आम्हाला पलीकडे नेऊन आणलं. घरच्या बाजूच्या बायकांनी रांगेत आम्हाला पुढे जाऊ दिलं. एकीने विचारलंसुद्धा, "इतक्या लांबून आलात?"

तर माझे प्रश्न. सॉल्ट लेकला पाहुण्यांच्या बाजूला ही सोय कशी आहे? जर्सी घालून मेट्रोने जावं की तिथे जाऊन घालावी? आणि सगळ्यात मोठं, कोलकात्यात सध्या जी आंदोलनं चाललीत ती बघता आई विचारतेय की जाऊच नको का. आमच्याकडे गौरी असतात. १२ला गौरी-गणपती विसर्जन, १३ला पहाटेचं विमान. आईला काहीतरी नीट सांगायला हवं.

---

कोपऱ्यातला_झेंडा
२९ ऑगस्ट, दुपारी ३:२५

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या ग्रुपने यजमान क्लबला तिकिटांसाठी पत्र पाठवलंय, त्यात हा मुद्दा आजच घालतो: पाहुण्यांच्या ब्लॉकमधलं बायकांचं स्वच्छतागृह उघडं असल्याची खात्री करून द्यावी. आजवर आमच्या एकाही पत्रात हे नव्हतं. असायला हवं होतं.

तयारीचं सांगतो. तिकीट एकेकट्याने ऑनलाइन काढू नका, भलत्या स्टँडमध्ये जाऊन पडाल. ग्रुपमार्फतच घ्या, म्हणजे सगळे एका ब्लॉकमध्ये. बॅग शक्यतो नकोच. पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी, परफ्यूम, लायटर, यातलं काही ना काही गेटवर काढून घेतातच, आणि परत मिळेल या भरवशावर राहू नका. झेंड्याची काठी, ढोल, मोठं बॅनर यांची परवानगी आधी मागावी लागते. एकदा एका शहरात, नाव नको, परवानगीचा कागद दाखवूनही आमचा ढोल गेटबाहेर ठेवायला लावला. नव्वद मिनिटं टाळ्यांवर काढली. तळहात सुजले होते.

मेमध्ये आम्ही जर्सीवर साधा शर्ट घालून गेलो आणि आत गेल्यावर काढला. भीती म्हणून नव्हे, पण वाटेत कुणाशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवायची नव्हती. मॅचनंतर परतायचं वाहन आधीच ठरवून ठेवा. उशीर किती होईल ते पोलिसांच्या हातात असतं.

शंकासूर, फरक पडतो का ते मी मोजून सांगू शकत नाही. ४ मेची फायनल. ६२,००७ प्रेक्षक. ४४व्या मिनिटाला जेसन कमिंग्जने गोल केला, तेव्हा तो आवाज अंगावरून गेला आणि आम्ही त्यात बुडालो. कानात शिट्टी वाजत होती. मध्यंतरानंतर दियाझने बरोबरी केली, ८१व्या मिनिटाला बिपिन, आणि अगदी शेवटी वोइतुस. ३-१. शिट्टी झाल्यावर आपले खेळाडू धावत कुठे आले? आमच्या कोपऱ्याकडे. जाळीपाशी येऊन, हात वर करून, एकेक चेहरा बघत उभे राहिले. घरच्या मैदानावर ते सगळ्या स्टँडना हात करतात. तिथे त्यांना हात करायला आम्हीच होतो.

---

बायपासवासी
२९ ऑगस्ट, रात्री ९:५०

कोलकात्यात बावीस वर्षं आहे. मूळचा नागपूरचा, आता निम्मा इथला. स्टेडियम घरापासून दोन किलोमीटर. निळ्या ओढणीताईंच्या आईंसाठी लिहितो.

ताई, शहर दुःखात आहे आणि संतापलेलं आहे, हे खरं. पण १८ ऑगस्टला काय झालं ते आईंना सांगा. ड्युरँड कपची डर्बी, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, त्या दिवशी होणार होती. पोलीस बंदोबस्ताचं कारण देऊन ती रद्द झाली. संध्याकाळी मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन, तिन्ही क्लबचे लोक स्टेडियमबाहेर जमले, आर. जी. कर रुग्णालयात अत्याचार करून मारलेल्या त्या डॉक्टर मुलीसाठी न्याय मागायला. ईस्ट बंगालचा लाल-पिवळा आणि मोहन बागानचा हिरवा-मरून झेंडा मी आयुष्यात पहिल्यांदा एकाच माणसाच्या खांद्यावर पाहिला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा एका क्लबचे लोक दुसऱ्या क्लबच्या पोरांना आड घेत होते. मी तिथे उभा होतो, पाऊस होता. या लोकांमध्ये तुम्ही याल तेव्हा एकट्या नसाल.

आता थोडं मागचं. इथे पाहुणे वेगळे का बसवतात, ते जुन्या लोकांना विचारायला लागत नाही. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. मैदानात धसमुसळा खेळ झाला, त्याची आग गॅलरीत गेली, आणि चेंगराचेंगरीत १६ जण मेले. दोन्हीकडचे समर्थक तेव्हा एकमेकांत मिसळून बसलेले. त्या दिवशी दर वर्षी इथे रक्तदान होतं. माझे शेजारी त्या वेळी कॉलेजात होते, गॅलरीत होते. ते अजूनही मॅचला जातात, पण कायम जिन्याजवळची जागा घेतात. मडगांवचो, जाळी मलाही आवडत नाही. पण त्यांच्यासमोर मी जाळीविरुद्ध बोलू शकत नाही.

मेट्रोचं म्हणाल तर सियालदहहून ग्रीन लाइन थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनला सोडते. जर्सी घालून बिनधास्त या. लोक बोलतील, चिडवतील, स्कोअर सांगतील. मोहन बागानवाल्याला फक्त १९११ आठवतं का एवढं विचारा. अनवाणी खेळून ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवल्याची गोष्ट तो तुम्हाला स्टेशन येईपर्यंत सांगेल आणि उतरताना हात मिळवेल. मॅचच्या दिवशी बायपासवर टॅक्सी मिळण्याची आशा ठेवू नका.

स्वच्छतागृहाचं मी स्वतः बघून कळवतो.

---

हौन्स्लोकर
३० ऑगस्ट, पहाटे ३:४०

लंडनच्या पश्चिमेला राहतो, ब्रेंटफर्डचा पाठीराखा आहे. सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलो, तेव्हा घराजवळचा क्लब म्हणून धरला आणि मग सुटला नाही.

इथे पाहुण्यांचा हक्क नियमात लिहिलेला आहे. प्रीमियर लीगमध्ये यजमानांनी ३,००० जागा द्यायच्या, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा, २०१६-१७च्या हंगामापासून. ती क्लबांनी आपणहून दिलेली नाही. समर्थकांनी वर्षानुवर्षं बॅनर धरून मागितली. तिकीट मात्र पैसे आहेत म्हणून मिळत नाही. आधी किती अवे मॅचना गेलात त्याचे गुण असतात, जास्त गुणवाल्याला आधी. मला पहिलं अवे तिकीट मिळायला दोन हंगाम लागले. कार्डिफच्या बाजूच्या एका कप मॅचला, भर पावसात, कुणी जात नव्हतं तेव्हा जाऊन मी गुण जमवले.

या एप्रिलमध्ये ल्युटनला गेलो होतो, केनिलवर्थ रोड. ते मैदान घरांच्या रांगांत अडकलेलं आहे. पाहुण्यांचं गेट ओक रोडवर, चक्क एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीत. दोन दारांच्या मध्ये एक बोळ उघडतो, तिथे तिकीट दाखवायचं, मग लोखंडी जिना. जिन्यावरून खाली बघितलं तर लोकांची परसं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एका अंगणात मुलाची तीनचाकी. माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. त्या जिन्यावर मी थांबलोच, मागचे लोक ढकलायला लागले. आजूबाजूची वस्ती ‘बरी पार्क’ नावाची, मिठाईची आणि कापडाची देशी दुकानं. मॅचआधी तिथे समोसा खाल्ला, दुकानदार ल्युटनचा स्कार्फ घालून बसलेला. तो म्हणाला, आज तुम्ही हराल. आम्ही ५-१ जिंकलो. परतताना त्याच दुकानासमोरून जायचं होतं. मी स्कार्फ जॅकेटच्या आत घातला. त्याने तरी ओळखलं, आणि काचेतून मान हलवली. ल्युटन त्या हंगामात खाली गेलं. ते मैदान परत कधी बघायला मिळेल कोण जाणे.

पेठेतले दादा, तुमची मांडीखालच्या हातांची गोष्ट इथल्या प्रत्येकाला पटेल. यजमानांच्या स्टँडमध्ये बसून पाहुण्यांच्या गोलला उठलात तर इथे सरळ बाहेर काढतात.

---

शंकासूर
३० ऑगस्ट, सकाळी ९:००

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. आता दुसरी. एवढा बंदोबस्त, जाळ्या, पाऊण तास कोंडून ठेवणं. सरळ पाहुण्यांना बंदी घातली तर सगळ्यांचाच त्रास वाचणार नाही का? काही देशांत तसं आहे असं ऐकलंय.

---

हौन्स्लोकर
३० ऑगस्ट, दुपारी ४:१५

अर्जेंटिनात केलं. २०१३च्या जूनमध्ये ला प्लाता शहरात लानुस क्लबचा एक समर्थक मारला गेला, आणि त्यानंतर लीगमध्ये पाहुण्या समर्थकांवर बंदी आली. काही मॅचपुरते अपवाद सोडले तर वर्षानुवर्षं राहिली. माझ्या ऑफिसात ब्वेनोस आयरेसची एक मुलगी आहे, रिव्हर प्लेटची. मी अवे मॅचबद्दल बोलायला लागलो की ती गप्प होते. तिचे वडील तिला गोष्टी सांगायचे, बसने कुठे कुठे गेलो, कुठे काय खाल्लं. तिच्याकडे तशी एकही गोष्ट नाही. आणि बंदी असतानाही हाणामाऱ्या होतातच, कारण आता एकाच क्लबचे गट आपसात भांडतात.

---

मडगांवचो
३० ऑगस्ट, रात्री ८:३०

पाहुणे आले नसते तर २४ एप्रिलला मी पार्किंगात शांतता ऐकली असती आणि ती २-० ची समजून घरी गेलो असतो. तुमचा तो लहान आवाज मला सहन झाला नाही, पण तो नसलेलं फातोर्डा मला नको.

---

पेठेतला
३० ऑगस्ट, रात्री ८:४५

मडगांवकर, +१००.

---

बायपासवासी
६ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

चौकशी केली. पाहुण्यांच्या बाजूचं बायकांचं स्वच्छतागृह चालू आहे, दिवा आहे, कडी आहे. ओढणीताई, माझी बायको आणि मुलगी दोघी मॅचला आहेत, हिरव्या-मरून बाजूला. व्यक्तिगत निरोपात त्यांचा नंबर पाठवलाय. काही लागलं तर रात्री कितीही वाजता फोन करायचा. आईंना नंबर देऊन ठेवा. उद्या गणेश चतुर्थी, सगळ्यांना शुभेच्छा. इथे महाराष्ट्र मंडळात आमचाही गणपती असतो.

---

कोपऱ्यातला_झेंडा
१४ सप्टेंबर, पहाटे १:५०

२-२.

लॉजवर आत्ता पोचलोय, झोप येत नाहीये. नवव्या मिनिटाला आमच्या टिरीकडून स्वतःच्याच जाळ्यात गेला. २८व्याला दुसरा खाल्ला. माझ्या मागे पहिल्यांदाच आलेले दोघे होते, त्यांचे चेहरे बघवत नव्हते. मी त्यांना फातोर्ड्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, तसं रोज होतं का?

सत्तराव्या मिनिटाला टिरीनेच एक फेडला. आणि ९०व्या मिनिटाला क्रूमा. पहिल्यांदा आलेल्यांपैकी एकाने माझा चष्मा पाडला. तुटला नाही.

पस्तीस मिनिटं थांबवलं. यंदा ढोल आत नेऊ दिला होता. पलीकडच्या बाजूने एक म्हातारे बाबू जाळीपाशी आले आणि ढोलाकडे बोट दाखवून बंगालीत काहीतरी म्हणाले. आम्हाला वाटलं, बंद करा म्हणतायत. ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या, तर ते जोरजोरात हात हलवायला लागले. त्यांना ऐकायचा होता. मग पोलिसांनी सोडेपर्यंत वाजवला, आपला, नाशिक बाजाचा ठेका. पलीकडे वीस-पंचवीस जण उभे राहून ऐकत होते.

---

निळी_ओढणी
१४ सप्टेंबर, दुपारी १२:३०

विमानतळावर बसलेय. घसा पूर्ण गेलाय, त्यामुळे फोन करू नका, इथे लिहा.

कुलूप नव्हतं. कडी लागत होती.

बायपासवासींच्या घरी सकाळी जाऊन आले. वहिनींना गौरीच्या फराळातले अनारसे नेले होते. त्यांनी डब्यात संदेश भरून दिलाय, आईसाठी वेगळा. त्यांची मुलगी अजून रागावलेली आहे, ९०व्या मिनिटाच्या गोलवरून माझ्याशी धड बोलली नाही. दारापर्यंत सोडायला मात्र आली आणि विचारलं, बागान मुंबईला येईल तेव्हा अंधेरीत पाहुण्यांचं गेट कुठलं? मला सांगता येईना. इतकी वर्षं जातेय, त्या बाजूला कधी गेलेच नाही.

झेंडादादा, मुंबईला आलात की एकदा माझ्यासोबत तिकडे याल का? गेट बघायचंय, आणि तिथलं बायकांचं स्वच्छतागृह उघडं असतं का तेही.